अबोल्याची अकरा चित्रं

४ सप्टेंबर

ताई,

पाया पडलो असं समज. तू पाय मागे घेणार हे धरून चाललोय.

फोनवर आपण दोघं अर्धा मिनिट हवा कशी आहे ते बोलतो आणि ठेवून देतो, म्हणून कागदच बरा. एक मागणं आहे. हसू नकोस. मला तुझं चित्र काढायचंय.

तीस वर्षं मी डोंगर, ओढे, माळ आणि आभाळ काढून पोट भरलं. माझ्या चित्रात माणूस आला तर रंगाचा एक ठिपका, तोही डोंगर किती उंच आहे ते कळावं म्हणून. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि तेव्हापासून डोंगरासमोर बसलो की हात चालतो, पण आत काही हलत नाही. म्हणून गेल्या वर्षी लाज सोडली आणि सहा महिने चित्रशाळेत मॉडेल समोर बसवून माणूस काढायला शिकलो. आजूबाजूला विशीतली पोरं, मधे हा टकलू. शिकवणारे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. ते एकदा माझ्यामागे उभे राहून म्हणाले, "तुमचा माणूस हुबेहूब आहे हो, पण त्याला वाटतंय काय?" तासाच्या बोलीवर आलेल्या अनोळखी माणसाला काय वाटतंय, हे मला कुठून कळणार?

तेव्हा ठरवलं, ज्याला ओळखतो त्यालाच बसवावं. तसं ओळखतो म्हणायला तू एकटी उरलीस.

दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळच्या गाडीने येईन. तू स्वयंपाकघराच्या खिडकीशी, त्या लाकडी खुर्चीत बसायचं. दहा ते बारा. मधे बोलायचं नाही. आणि झालेलं चित्र तूही बघायचं नाहीस, मीही परत बघणार नाही. डोंगराच्या बाबतीत मी असंच करतो. एकच जागा, एकच वेळ, आणि काढून झालं की कागद भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. सगळे झाले की तारखेप्रमाणे जमिनीवर मांडायचे. आधीचं बघितलं तर हात आधीचंच काढत बसतो. असं केलं की ऋतूने काय केलं ते एकदम दिसतं.

हो म्हण.

तुझा,
डोंगऱ्या


९ सप्टेंबर

डोंगऱ्या,

आशीर्वाद. पाय मागे घेतले नाहीत, क्लचवर होते.

चौपन्न वर्षांच्या बस ड्रायव्हरचं चित्र कोण भिंतीला लावणार? पण तू इतकं गयावया केलंस की नाही म्हणवत नाही. चित्रातलं मला काही कळत नाही, गाढवाला गुळाची चव काय. बसायला मात्र मी तयार आहे. आयुष्यभर बसूनच काम केलंय.

माझ्याही अटी ऐक. रविवार माझा सुट्टीचा एकच दिवस, तेव्हा येताना भाजी घेऊन यायची आणि ती चिरूनही द्यायची. माझं नाक आहे तेवढंच काढायचं. गणवेश घालून बसणार नाही, तो घातला की मी कोणाची तरी ताई राहत नाही, चौदा नंबरची ड्रायव्हर होते.

खरं सांगू का, मला तीच जास्त आवडते. नवरा गेला, आई गेली, घरात पाऊल टाकलं की माझाच आवाज मला परत ऐकू येतो. सकाळी गाडीत चढले, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला की मी कोणीतरी असते. बावीस वर्षं झाली तरी लोक अजून खाली वाकून बघतात, बाईच चालवतेय ना म्हणून. माझी कंडक्टर म्हणते, ताई, त्यांना तिकीट लावू या बघायचं.

तर ये. दुरून डोंगर साजरे असतात, जवळून ताई कशी दिसते ते बघ.

ताई


१५ नोव्हेंबर

ताई,

परवाचं धरून पाच चित्रं झाली. भाज्या किती चिरल्या ते विचारू नकोस.

आता जरा अवघड बोलतो. पहिल्या दोन रविवारी मला तुला गप्प बसवताना नाकी नऊ आले. तू मधेच हसायचीस, डोळे मोठे करायचीस, डेपोतल्या मॅनेजरची नक्कल करायचीस. आता तू गप्प असतेस. तशी अटच होती, पण हे गप्प बसणं वेगळं आहे. चेहरा बंद करून बसल्यासारखं. मी डोंगराला करतो तसं करतो, आधी क्षितिजाची रेघ, म्हणजे तुझ्या खांद्यांची, आणि मग लांबून जवळ येतो. जवळ येतो आणि तू दार लावून घेतेस.

परवा माझं स्टूल मोडलं आणि मी रंगाच्या पाण्यासकट खाली आपटलो. तू पूर्वीची असतीस तर पोट धरून हसली असतीस, शेजारणीला बोलावून दाखवलं असतंस. तू नुसती बघत राहिलीस. एक रेघ हलली नाही चेहऱ्यावरची. मी उठलो, पुसलं, परत बसलो, आणि मला इतकं वाईट वाटलं की पुढचा तासभर मी फक्त खिडकीच काढली.

ताई, तुला माझा राग आहे का? आईच्या वेळचा? असेल तर असू दे, मला तो चित्रात हवाच आहे. पण तोंडाने एकदा सांग.

आणि अक्षराचं काय केलंस? गेल्या आठवड्याचं कार्ड भिंग लावून वाचलं. ओळीच्या सुरुवातीला ठीक असतं, शेवटाला मुंगी. पोस्टाने कागद महाग केलाय का?

डोंगऱ्या


२१ नोव्हेंबर

डोंगऱ्या,

वेड लागलंय तुला. त्या दिवशी मी हसले नाही? अरे, मला ठसका लागायची वेळ आली होती! तू ढुंगणावर आपटलास, टकलावरून निळं पाणी ओघळत होतं, आणि तुझं तोंड असं झालं होतं की मी घरी आल्यागेल्याला अजून सांगते. तुला दिसलं कसं नाही? चष्म्याचा नंबर तपासून घे.

पण हल्ली सगळ्यांना काय झालंय कळत नाही. कंडक्टर सुद्धा परवा म्हणाली, "ताई, माझं काही चुकलं का? सकाळपासून तुम्ही घुश्शात दिसता." मी चांगली मजेत होते. पहिल्या थांब्यावरचे ते पेपरवाले आजोबा रोज मला हात करायचे, ते आता नजर चुकवून चढतात. मीच काय सगळ्यांना दात दाखवत फिरू?

राग वगैरे काही नाही. झालं ते झालं. आईचं वय झालं होतं.

अक्षराचं म्हणशील तर वय माझंही झालं. गणवेशाची बटणं लावता लावता चहा गार होतो. पन्नाशीनंतर माणूस हळू होतं, त्यात काय एवढं. तू तर जन्मजात हळू आहेस, तुला कोणी काही विचारलं का?

रविवारी वांगी आणू नकोस, मागची अजून आहेत.

ताई


१० जानेवारी

ताई,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. हे पाचवं.

नववं चित्र काढून परतताना गाडीत ठरवलं की तू सांगत नाहीस तर मीच सांगावं. तू राग नाही म्हणतेस, पण मी दर पंधरा दिवसांनी दोन तास तुझ्याकडे बघतोय. तुझी पापणी हलत नाही. तू माझ्याकडे बघतेस आणि मला वाटतं मी भिंत आहे. कोणी कोणाशी दोन वर्षं अबोला धरला तर चेहरा असाच होत असेल.

आई आजारी पडली तेव्हा तू पत्र टाकलंस, ये म्हणून. मी नंतर म्हणालो की मी डोंगरात कामावर होतो, पत्र उशिरा मिळालं. खोटं होतं. पत्र वेळेवर मिळालं होतं. मी ते वाचलं, खिशात ठेवलं आणि त्याच दिवशी समोरच्या कड्याचं चित्र सुरू केलं. आणि ते संपवलं नाही, म्हणजे संपू दिलं नाही. एवढं झालं की जातो, तेवढं झालं की जातो. सहा आठवडे. मला आईचा चेहरा बघवला नसता, ताई. आजारी माणसाचा चेहरा मला बघता येत नाही. बाबांच्या वेळीही मी अंगणात उभा होतो, तुला आठवत असेल. मी डोंगर का काढत राहिलो याचं लोकांना मी मोठं मोठं काहीतरी सांगतो. खरं उत्तर एवढंच आहे की डोंगराला दुखत नाही.

आता बोल. शिव्या दे. पण तसं बसू नकोस.

दुसरी गोष्ट लहान आहे. गॅलरीच्या बाईंना मी या कामाबद्दल बोललो. न बघताच त्या म्हणाल्या की मार्चमध्ये लावू या. नाव विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, 'अबोला'. तुझी हरकत असेल तर बदलतो.

डोंगऱ्या


१८ जानेवारी

डोंगऱ्या,

पत्र मिळालं. आईचा विषय नको.

राग नाही म्हटलं ना एकदा. किती वेळा लिहून देऊ. मी कशी बसते, कशी बघते, हे मला दिसत नाही, त्यामुळे तू काय काढतोस त्याला मी जबाबदार नाही. नाव तुला हवं ते दे.

डेपोत गाडी मागे घेताना खांबाला जरा घासली. खांब पुढे आला. कंडक्टरने रंग लावून झाकलं.

रविवारी ये.

ताई


८ फेब्रुवारी

ताई,

रविवारी अकरावं झालं. काल मी ती सगळी मांडली.

खोलीतलं सामान बाजूला केलं, कागद भिंतीपासून काढले आणि जमिनीवर तारखेप्रमाणे ओळीने ठेवले. मग खुर्चीवर उभा राहिलो. मी माझा गुन्हा बघायला उभा होतो. वाटलं होतं, पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत तुझा राग कसा साचत गेला ते दिसेल.

पहिल्या दोन्हींत तुझा उजवा हात टेबलावर आहे, कपाभोवती. तिसऱ्यात मांडीवर. चौथ्या-पाचव्यात त्याच्यावर डावा हात आलाय. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, किती शांत हात ठेवलेत. पुढे तो स्वेटरच्या खिशात गेला. शेवटच्या दोन चित्रांत तू त्याच्यावर बसली आहेस, ताई. मांडीखाली दाबून. मी ते सगळं काढलं. सावली कुठे पडते ते मोजून काढलं. आणि एकदाही विचारलं नाही की हा हात गेला कुठे.

मग चेहरा. पहिल्यात तुझ्या तोंडाच्या कडेला ती हसण्याची घडी आहे. आठव्यात नाही. मी ती पुसली नव्हती.

मी ते कागद गुंडाळून आमच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. ते आता दवाखाना चालवत नाहीत, पण मेंदूचे आणि नसांचे डॉक्टर होते. त्यांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, चित्रांवरून मी काही सांगणार नाही, सांगू नये. मग एकच प्रश्न विचारला, "यांचं अक्षर हल्ली बारीक झालंय का?"

मी वर आलो आणि तुझी पत्रं काढली. सप्टेंबरचं आणि जानेवारीचं शेजारी ठेवलं. खाली परत जायला मला बराच वेळ लागला.

त्यांनी त्या आजाराचं नाव घेतलं. कंपवात, पार्किन्सन. असेलच असं नाही म्हणाले, पण लगेच दाखवा. चेहराही त्यानेच तसा होतो म्हणाले. माणूस आतून हसत असतो आणि चेहऱ्यापर्यंत ते पोचत नाही. म्हणजे मी पडलो तेव्हा तू हसत होतीस. मी तुझ्या आजारी चेहऱ्यासमोर अकरा रविवार बसलो आणि त्याला स्वतःचं पाप समजून रंगवत राहिलो. चित्रं लावायची नाहीत असं मी गॅलरीला कळवलंय.

ते डॉक्टर शेवटी म्हणाले, "काय करतात त्या?" मी सांगितलं, बस चालवते. ते चष्मा काढून पुसत बसले.

ताई, गाडी बंद कर. आजपासून.

डोंगऱ्या


१२ फेब्रुवारी

तुला कोणी सांगितलं होतं कागद घेऊन गावभर दाखवायला? मी तुझ्यासमोर बसले ती बहीण म्हणून. पेशंट म्हणून नाही.

हो, हात थरथरतो. गेल्या वर्षापासून. मला काय कळत नाही का? पण तुझ्या डॉक्टरांनी हे सांगितलं का, की हात रिकामा असला तरच थरथरतो? स्टेअरिंग धरलं की गप्प. एकदम गप्प. म्हणजे जिथे गरज आहे तिथे तो शहाण्यासारखा वागतो. बावीस वर्षांत माझ्या गाडीखाली कोंबडी आली नाही. एप्रिलमध्ये डेपोची तपासणी आहे, हात पुढे करा म्हणतात, करीन. डोळे बघतात, दिसतं. कंडक्टरला माहीत आहे. ती सांगणार नाही.

गाडी बंद कर म्हणे. लिहायला सोपं आहे. गाडी बंद केल्यावर मी काय करू? त्या खुर्चीत बसून राहू, तू येईस्तोवर?

आणि आता ऐकच. तू जानेवारीत मोठी कबुली दिलीस, पत्र वेळेवर मिळालं होतं म्हणून. मला माहीत होतं. मी ते रजिस्टर केलं होतं. पाचव्या दिवशी पोचपावती माझ्या हातात होती, तुझ्या सहीची, खाली रेघ मारलेली तुझी ती चित्रकाराची ऐटबाज सही. मी ती आईला दाखवली नाही. सहा आठवडे सकाळची पाळी करायची, दुपारी येऊन तिचं अंग पुसायचं, आणि ती विचारायची, डोंगऱ्याला पत्र मिळालं असेल का गं. मी म्हणायचे, पोस्टाचं काही खरं नाही. तुझ्यासाठी मी मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले आणि दोन वर्षं तुला त्यातलं अक्षर बोलले नाही.

आईच्या वेळी यायचं तेव्हा आला नाहीस. आता आलास तो माझी गाडी काढून घ्यायला. वरातीमागून घोडं. गप्प बसायचं तुला छान जमतं, तेवढं अजून एकदा कर.

पुन्हा येऊ नकोस.


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोडण्यासारखं नाही. पोचपावतीचं वाचून मी बाहेर जाऊन चालत राहिलो. किती चाललो ते माहीत नाही.

तरी लिहितो. खालच्या डॉक्टरांना मी विचारलं, हात स्टेअरिंगवर गप्प असतो, मग? ते म्हणाले, प्रश्न हाताचा नाहीच. बघणं आणि करणं यांच्यातलं अंतर वाढतं. अंगाला हुकूम उशिरा पोचतो. आणि ज्याचं त्याला ते कळत नाही, कारण त्याला वाटतं आपण लगेच केलं. जसं तुला वाटलं, तू हसलीस.

तू म्हणतेस, एकदा गप्प बसलास तसा आताही बस. तीच तर भीती आहे, ताई. या वेळीही मी एक चांगलं कारण शोधेन. तुझं मन, तुझं जगणं, तुझा माझ्यावरचा हक्क. कारणं माझ्याकडे डोंगराएवढी आहेत. आणि तोवर एखाद्या सकाळी कोणीतरी तुझ्या गाडीसमोरून रस्ता ओलांडेल.

तू स्वतः डेपोत सांग. फेब्रुवारी संपेपर्यंत. नाही सांगितलंस तर मॅनेजरला मी पत्र देईन. तू मला जन्मभर तोंड दाखवू नकोस म्हणालीस तरी देईन.

डोंगऱ्या


६ मार्च

डोंगऱ्या,

हे पत्र कंडक्टरकडून लिहून घेणार होते. पण मग लाजेने निम्मं गाळलं असतं. म्हणून माझंच अक्षर. भिंग घे आणि निवांत वाच.

गेल्या सोमवारी तू साडेनऊच्या फेरीला चढलास. आरशात मला आधी टक्कल दिसलं. कंडक्टरने ओळखलं, पण ओळख दिली नाही, मुकाट तिकीट फाडलं. तू पुढच्या दाराजवळच्या आडव्या सीटवर बसलास, माझ्यापासून हातभरावर. शर्टाच्या खिशातून पाकीट डोकावत होतं, त्यावरचं 'मा. व्यवस्थापक' तेवढं दिसलं. म्हटलं, आला. आता बघणार, पुरावा गोळा करणार आणि डेपोत जाणार. म्हटलं, बघ बाबा, डोळे भरून बघ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी मी. त्या दिवशी मी गाडी अशी चालवली की मागच्या सीटवरच्या बाईच्या मांडीवरची पिशवी हलली नसेल.

दुसऱ्या थांब्यापाशी एक आवाज यायला लागला. धप्. मला वाटलं, पत्रा सुटलाय. तिसऱ्यालाही धप्. चौथ्याला गाडी उभी केल्यावर मान वळवून बघितलं. तुझा उजवा बूट. थांबा जवळ आला की तू पाय पत्र्यावर दाबत होतास, जोर लावून. जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नाहीस आणि बसला ब्रेक लावत होतास! तुला कळतही नव्हतं. तू समोर काचेकडे बघत होतास आणि तुझे दोन्ही हात दांड्याला असे धरलेले होते की नखं पांढरी पडली होती.

आधी मला हसू आलं. आलं असणार, दिसलं नसेल. मग राग आला. मग मी ऐकायला लागले. तुझा बूट आणि माझा ब्रेक. मला वाटलं होतं दोन्ही एकदम होत असतील. नव्हते होत. आधी तुझं धप्, मग माझा पाय. सिग्नलला तेच. शाळेच्या कोपऱ्यावर तेच. मी लगेच दाबतेय असं मला वाटायचं, आणि तोवर तुझा बूट वाजून गेलेला असायचा.

बाजाराच्या चौकात हातगाडी आडवी आली. मला ती दिसली. स्पष्ट दिसली, हे मी शपथेवर सांगेन. धप् झालं. आणि त्यानंतर मी ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा हातगाडी आणि बंपर यांच्यात दोन वीत अंतर होतं. हातगाडीवाला माझ्याकडे बघून शिवी देऊन पुढे गेला. मागे चाळीस माणसं होती. थोडी पुढे हलली आणि परत आपापल्या मोबाइलमध्ये गेली. कोणी मान वर केली नाही. त्यांना माझ्या ब्रेकची बावीस वर्षांची सवय आहे. ज्याला गाडी चालवता येत नाही असा एक माणूस त्या गाडीत माझ्या आधी ब्रेक लावत होता, आणि त्याच्या ब्रेकला तार नव्हती.

शेवटच्या थांब्याला तू उतरलास. पाकीट खिशातच. दारात थांबलास, माझ्याकडे बघितलंस, आणि निघून गेलास. खांदे पाडून, बाबांसारखा. मी वाट बघत होते की डेपोच्या दिशेने वळशील. तू स्टेशनकडे वळलास. तुझ्याकडून ते पाकीट देणं शेवटपर्यंत झालं नाही. हे चांगलं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

परतीची फेरी मी केली नाही. कंडक्टरला म्हटलं, दुसरा ड्रायव्हर मागव. ती रडायला लागली. मी किल्ली घेऊन मॅनेजरकडे गेले आणि सगळं सांगितलं, खांबासकट. तो भला माणूस आहे, खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. सध्या चौकशीच्या खिडकीत बसायला सांगितलंय. तिथे बसले की चौदा नंबर माझ्या समोरून जाते. नवा पोरगा चालवतोय. क्लच जाळतोय नुसता. मी काचेवर टकटक करते, पण त्याला ऐकू जात नाही.

परवा घरी आले आणि गणवेशाची बटणं काढता येईनात म्हणून कात्रीने शर्ट फाडला. मग पलंगावर बसून खूप रडले. चेहऱ्यावर दिसलं असेल की नाही कोण जाणे. आवाज मात्र आला.

आता तुझा प्रश्न. तू दोनदा विचारलंस, राग आहे का. मी दोनदा नाही म्हटलं. दोन्ही वेळा खोटं. तुझे डॉक्टर म्हणतात, चेहरा आजाराने तसा झाला. झाला असेल. पण तू तिथे बसायचास, पेन्सिल कानाला लावून, इतक्या प्रेमाने माझं नाक मोजायचास, आणि मी आतून म्हणत असायचे, आईकडे एक दिवस असा बघत बसला असतास तर काय बिघडलं असतं? तेव्हा तू काही अगदीच चुकीचं काढलं नाहीस. गॅलरीवाल्या बाईंना हो कळव. नावही तेच राहू दे.

एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. शेवटच्या आठवड्यात आईने पलंग फिरवून घेतला होता, दाराकडे तोंड येईल असा. मी एकटीने ओढला तो. का फिरवायचा ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तू आला नाहीस, ते मला माफ करता येत नाही, डोंगऱ्या. मी मनापासून प्रयत्न केला. वय झालं होतं तिचं, असं स्वतःला सांगून बघितलं. नाही जमत. पुढे जमेल असंही कबूल करत नाही.

येत्या सोमवारी सकाळी मोठ्या दवाखान्यात बोलावलंय. नसांचे डॉक्टर तपासणार आहेत, चालून दाखवा, लिहून दाखवा, असं बरंच काही. कंडक्टर येते म्हणाली, पण तिची पाळी आहे. रविवारी ये आणि रात्री राहा. चित्राचं सामान आणू नकोस. डॉक्टर आजाराचं नाव सांगतील तेव्हा तू शेजारी बसलेला हवास. मला खूप भीती वाटतेय.

ताई